चिनी कॅलिग्राफीतल्या सगळ्यात भारी कलाकृती कोणत्या? (खाडाखोड केलेले तीन कागद)

प्रश्न असा आहे की चिनी कॅलिग्राफीतल्या सर्वात प्रसिद्ध जुन्या कलाकृती कोणत्या, आणि भाषा येत नसेल तर त्यात बघायचं काय, कारण "मला तर सगळं सारखंच काळं काळं दिसतं".

आधी माझं सांगते. तैपेईला नऊ वर्षं होते, भाषांतराचं काम करायचे, आणि पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या बाईंकडे ब्रश शिकायला जायला लागले. त्यांना आम्ही सगळे लाउशी म्हणायचो, म्हणजे गुरुजी, बाई असो की बुवा शब्द एकच. आता पुण्यात आहे आणि शनिवारी घरीच पाच-सहा जणांना शिकवते. म्हणजे मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही, पण ज्या कागदांबद्दल लिहितेय त्यांचा कित्ता सोळा वर्षं गिरवतेय, त्यामुळे कुठे हात अडतो ते पक्कं माहितीये.

आता उत्तर. यादी मागितलीत तर पन्नास नावं देता येतील, पण चीनमध्ये शेकडो वर्षांपासून एक ठरलेला नंबर लागलाय, "जगातलं पहिलं, दुसरं आणि तिसरं शिंगशू". शिंगशू म्हणजे चालतं अक्षर. सुटं सुटं छापल्यासारखं नाही आणि अगदी वाचता न येणारं गिचमिडही नाही, मधलं. आपली मोडी आठवा, हात कमीत कमी उचलायचा आणि अक्षरं एकमेकांत ओघळू द्यायची, साधारण त्या जातीचं. तर हे पहिले तीन नंबर ज्या कागदांना मिळालेत ते तिन्ही कच्चे खर्डे आहेत. शब्द खोडलेत, बाजूला घुसवलेत, वरून गिरवलेत. शाळेतल्या सुंदर हस्ताक्षर स्पर्धेत दिले असते तर पहिल्याच फेरीत बाद. आपल्याकडे चांगलं अक्षर म्हणजे मोत्यासारखं, एकसारखं, वळणदार, हे डोक्यात इतकं बसलंय की हे कागद पहिल्यांदा बघताना मलाही वाटलं होतं की लाउशी चुकून भलतंच पान दाखवतायत.

पहिला नंबर "लानतिंगची प्रस्तावना". लिहिणारा वांग शीझी, साल ३५३. चैत्रासारखा महिना, तिसऱ्या महिन्याची तीन तारीख, आजच्या शाओशिंगजवळ लानतिंग नावाच्या जागी हा माणूस चाळीसेक मित्र-नातेवाईक घेऊन गेला, ओढ्याच्या काठाने सगळे बसले, वरून दारूचे पेले पाण्यात सोडले, पेला ज्याच्यासमोर येऊन अडकेल त्याने कविता करायची आणि नाही जमली तर दंड म्हणून तीन पेले प्यायचे. (पंधरा-सोळा जणांना जमली नाही म्हणे. मला तर वाटतं त्यातल्या निम्म्यांना दंडच हवा असणार.) मग जमलेल्या कवितांना प्रस्तावना हवी म्हणून वांगने तिथेच बसून २८ ओळी लिहिल्या, ३२४ अक्षरं. सुरुवात मजेत आहे, आकाश निरभ्र, वारा मंद वगैरे, आणि मग अर्ध्यात सूर एकदम बदलतो की हे सगळं सुख बघता बघता जुनं होतं, जन्म-मृत्यू सारखेच असं म्हणणं निव्वळ थाप आहे.

आता भाषा न येता बघायचं काय, तर एकच अक्षर शोधा. "झी". अर्थ साधारण आपलं चा-ची-चे, त्यामुळे सारखं सारखं येतं, या एका कागदावर वीस वेळा. वर एक टिंब, खाली नागमोडी वळण आणि शेवटी उजवीकडे लांब सुटणारी रेघ, इतकं सोपं. आणि वीसच्या वीस वेगळे. एक जाडजूड, बूड टेकून बसलेलं, एक उभं राहून मान वळवल्यासारखं, एक तर इतकं बारीक की शेजारच्या दोन अक्षरांच्या मध्ये अंग चोरून उभं. लाउशींनी मला तीन महिने फक्त हे वीस "झी" लिहायला लावले होते. मी वैतागून विचारलं की यातलं बरोबर कोणतं, तर म्हणाल्या, "वरचं अक्षर बघ ना आधी. हे त्याला उत्तर देतंय." तेव्हा कुठे कळलं की तो वेगळेपणा नटवायला म्हणून केलेला नाही, आधीचं अक्षर डावीकडे कललं असेल तर हे उजवीकडून तोल सावरतं, ओळ चालत राहते.

खाडाखोडीचं बघा. चौथ्या ओळीच्या सुरुवातीलाच "इथे उंच डोंगर आहेत" असं म्हणताना गडी चक्क "उंच डोंगर"च विसरला, मग ते दोन शब्द बाजूला बारीक घुसवलेत. आणि एका ठिकाणी आधी नुसती एक आडवी रेघ मारली होती, म्हणजे "एक", अर्थ होणार "जुन्या लोकांचं लिहिलेलं एकदा वाचलं की". मग विचार बदलला आणि त्याच रेघेभोवती बाकीचं अक्षर बांधून त्याचं "दर वेळी" केलं. "दर वेळी वाचताना". चांगल्या प्रतीत ती आडवी रेघ गडद आणि बाकीचं अक्षर फिकट शाईत दिसतं. मी जेव्हा पहिल्यांदा हे मोठ्या छपाईत पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला, खरं सांगते, कारण सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं मत बदलताना तुम्ही बघताय.

फक्त गोम अशी की तुम्ही जे बघताय ते त्याने लिहिलेलं नाहीच. मूळ कागद गायब आहे! कथा अशी की तो वांगच्या सातव्या पिढीतल्या झीयोंग नावाच्या भिक्षूकडे आला, त्याच्याकडून शिष्य ब्येनत्साईकडे, आणि तांग घराण्याचा सम्राट ताइझोंग वांगच्या अक्षरापायी इतका वेडा होता की त्याने श्याओ यी नावाच्या अधिकाऱ्याला वेष बदलून पाठवलं, त्याने म्हाताऱ्या भिक्षूशी मैत्री करून, गोड बोलून कागद लांबवला. पुढे ६४९ मध्ये सम्राट वारला आणि परंपरा सांगते की कागदही त्याच्याबरोबर थडग्यात गेला. कथेत तिखटमीठ किती ते सोडा, पण आज जे आहे त्या सगळ्या प्रती. सगळ्यात नावाजलेली बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे, तांग दरबारचा नकलाकार फंग छंगसू याच्या नावावर सांगतात. नक्कल करायची पद्धतही ऐका, मूळ कागदावर पातळ कागद ठेवायचा, प्रत्येक रेघेची कड केसासारख्या बारीक रेघेने काढून घ्यायची आणि मग आतला भाग शाईने भरायचा. म्हणजे लिहायचं नाही, रंगवायचं. जिथे ब्रशचं टोक फाटून दोन शेपट्या उठल्यात तिथे त्या दोन्ही शेपट्या काढल्यात, ते वर सांगितलेलं गडद-फिकटही तसंच उतरवलंय. १९६५ मध्ये क्वो मोरो या बड्या विद्वानाने तर नानजिंगजवळ सापडलेल्या त्याच काळातल्या समाधिलेखांची अक्षरं दाखवून म्हटलं की त्या काळी असं लिहीतच नसत, हे नंतरच्या कुणाचं तरी आहे. काओ अरश यांनी उलट लेख लिहिला आणि मग जोरदार जुंपली. माझं मत विचाराल तर दगडावर कोरायचं अक्षर आणि मित्रांत बसून लिहायचं अक्षर एकसारखं असेल ही अपेक्षाच मला पटत नाही, लग्नपत्रिकेवरचं अक्षर आणि वाण्याच्या यादीचं अक्षर आपलं तरी कुठे एक असतं.

दुसरा नंबर मात्र अस्सल आहे, आणि माझा जीव याच्यावर. "पुतण्याच्या श्राद्धाचा खर्डा", लिहिणारा यान झेनछिंग, साल ७५८, कागद तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये.

मागची हकिगत माहीत असल्याशिवाय हा बघू नका. ७५५ मध्ये आन लूशान नावाच्या सेनापतीने बंड केलं आणि तांग साम्राज्य हादरलं. यान झेनछिंग एका जिल्ह्याचा कारभारी, त्याचा चुलतभाऊ यान गाओछिंग दुसऱ्या जिल्ह्याचा. दोघंही बंडाविरुद्ध उभे राहिले, आणि दोघांच्या मध्ये निरोप घेऊन जाणारा पोरगा म्हणजे गाओछिंगचा मुलगा जीमिंग. ७५६ मध्ये गाओछिंगच्या गावाला वेढा पडला, शेजारच्या सरकारी फौजेने मदत पाठवली नाही, गाव पडलं. बाप-लेक दोघंही मारले गेले, घराण्यातली तीसहून जास्त माणसं गेली. दोन वर्षांनी नातेवाईक शोधायला गेले तेव्हा जीमिंगचं फक्त डोकं मिळालं. ते समोर ठेवून वाचायचा मजकूर म्हणजे हा खर्डा. हा खर्डाच, फायनल नाही. नंतर स्वच्छ कागदावर उतरवून घ्यायचं होतं, म्हणून अक्षराकडे त्याचं लक्षच नाहीये.

सुरुवात एकदम ऑफिशियल. वर्ष, महिना, तारीख, मग "तेरावा काका" अमुक पदवी तमुक पदवी. तरी तिथेच पहिली ठेच, "काका" कसं म्हणायचं यावरच एकदा खोडलंय. मग स्वतःच्या पदवीतलं एक अक्षरच गाळलंय, म्हणजे हा माणूस रोज सरकारी कागदांवर जी पदवी लिहीत असणार तीच चुकलाय. पहिल्या काही ओळी तरी सरळ आहेत, ओळींत अंतर आहे. पोरगा लहानपणापासून किती गुणी, अंगणातल्या फुलासारखा वगैरे म्हणेपर्यंत हात ताब्यात आहे. पण वेढ्यापाशी आला की बघा काय होतं. "त्या हरामखोर अधिकाऱ्याने फौज असून मदत केली नाही" असं लिहिलं, अख्खं खोडलं, परत तेच लिहायला घेतलं, परत "फौज असून"पाशी अडकून तो शब्द खोडला, आणि शेवटी राहिलं एवढंच, "मदत केली नाही". पुढच्या शब्दाला "बाप पकडला" असं लिहून "पकडला" काटलं आणि दुसरा शब्द टाकला, बाप अडकला, मुलगा मेला. घरटं उलटलं, अंडी फुटली.

हे वाचता येत नसलं तरी शाईवरून कळतं. ब्रश एकदा बुडवला की पहिली चार-पाच अक्षरं काळीभोर, ओली, मग हळूहळू शाई सुकत जाते आणि रेघेत पांढऱ्या चिरा दिसायला लागतात, त्याला फेइबाय म्हणतात, उडतं पांढरं. साधारण लिहिणारा सुकायला लागलं की परत बुडवतो. यान बुडवत नाही. ओढतच राहतो, ब्रश कागदावर खरवडत चाललाय तरी ओढतो. आणि तीच तर मेख आहे, कारण मी हा कागद जेव्हा कित्ता म्हणून घेतला तेव्हा मुद्दाम तसा सुका ब्रश ओढायला गेले आणि ते नाटकी दिसलं, मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन खोटं रडल्यासारखं. लाउशींनी कागद बघितला, काही बोलल्या नाहीत, फक्त उलटा करून ठेवला. शेवटच्या दोन-तीन ओळी, "हाय हाय, हे अन्न घे", त्या तर मी आजही कुणाला दाखवण्यासारख्या लिहू शकत नाही.

यान स्वतः पुढे ७८५ मध्ये दुसऱ्या एका बंडखोराच्या कैदेत मारला गेला, त्यामुळे चिनी लोकांना हा माणूस म्हणजे निष्ठेचा पुतळाच. २०१९ च्या सुरुवातीला हा कागद टोकियोच्या नॅशनल म्युझियमला प्रदर्शनासाठी दिला तर चीनमध्ये लोक सोशल मीडियावर नुसते पेटले होते, की इतका नाजूक कागद बाहेर नेलाच कसा आणि तोही जपानला.

तिसरा नंबर, सू शी उर्फ सू डोंगपो, "थंड अन्नाच्या सणाच्या कविता". १०८२ साल. कवितांमधून सरकारवर टीका केली म्हणून १०७९ मध्ये याला तुरुंगात टाकलं, जीव वाचला पण बदली कसली हद्दपारीच, यांगत्से नदीकाठच्या हुआंगझोउ गावी. तिथे पूर्वेकडच्या उतारावर शेती करायचा, त्यावरूनच डोंगपो नाव पडलं. थंड अन्नाचा सण म्हणजे त्या दिवशी चूल पेटवायची नाही. (शितळासप्तमीला आपल्याकडे करतात तसं, कारणं वेगळी.) इथे येऊन तिसरा सण, बाहेर पाऊस थांबत नाही, झोपडी होडीसारखी झालीये, "मोडक्या चुलीत ओलं बोरूचं गवत जाळतोय". सण आहे हेसुद्धा विसरला होता, कावळा चोचीत कागद घेऊन चाललेला दिसला तेव्हा आठवलं, कारण त्या दिवशी पितरांसाठी कागदी पैसे जाळतात.

सतरा ओळी, १२९ अक्षरं. पहिल्या ओळी लहान, शहाण्यासारख्या. मग अक्षरं फुगायला लागतात, आणि "मोडकी चूल"ला येईपर्यंत तिप्पट झालेली असतात, बसकी, रुंद, चिखलात रुतल्यासारखी. आणि "कागद" हा शब्द बघा, शेवटची उभी रेघ अशी खाली सोडलीये की दोन अक्षरांची जागा खाऊन टाकली, सुरीच्या पात्यासारखी. चूकही आहेच, "तरुण"च्या ओळीत एक अक्षर जास्त झालं म्हणून बाजूला बारीक ठिपके देऊन रद्द केलंय आणि "आजारी" हा शब्द राहिला होता तो कडेला घुसवलाय. विद्यार्थ्यांना मी हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी देते आणि सगळ्यांची चूक एकच, पहिल्या ओळीपासूनच मोठं लिहितात. अहो, मग शेवटी जाणार कुठे.

याला एक मजेशीर शेपूट आहे. सू शीचा मित्र ह्वांग थिंगच्येन, हाही मोठा कॅलिग्राफर, त्याने याच गुंडाळीवर पुढे शेरा लिहिलाय की ही कविता ली पो या थोर जुन्या कवीसारखी आहे, किंबहुना ली पो इथवर पोचला असता का शंकाच आहे, डोंगपोला परत लिहायला सांगितलं तर त्यालाही जमेलसं वाटत नाही. या दोघांची जुगलबंदी प्रसिद्ध होती. सू म्हणायचा तुझी अक्षरं झाडाला लटकलेल्या सापासारखी, तर ह्वांग म्हणायचा तुझी दगडाखाली चिरडलेल्या बेडकासारखी. गुंडाळी उघडली की दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळतात, आणि खरंच, बेडूक आणि साप! पुढे १८६० मध्ये युआनमिंगयुआन राजवाडा ब्रिटिश-फ्रेंचांनी लुटला-जाळला त्यात याची खालची कड होरपळली, ते डाग अजून आहेत. मग हा जपानला गेला आणि १९२३ च्या टोकियो भूकंपात मालकाचं घर पेटलं तेव्हा त्याने जीव धोक्यात घालून आधी हा बाहेर काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर वांग शिजिए या चिनी राजकारण्याने विकत घेऊन परत आणला, आता हाही तैपेईत आहे.

भारताशी संबंध आहे का असं कुणीतरी हमखास विचारतं, तर आहे, आणि तोही थेट. तो थडग्यात कागद नेणारा सम्राट ताइझोंग, त्याच्याच काळात ह्युएनत्संग भारतातून परत आला. आपल्याकडे पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला आणि इथले लोक मानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे असं लिहून ठेवणारा तोच. त्याने भाषांतर केलेल्या बौद्ध ग्रंथांना सम्राटाने प्रस्तावना लिहिली, आणि ह्वायरन नावाच्या भिक्षूने ठरवलं की ही प्रस्तावना दगडावर कोरायची ती वांग शीझीच्याच अक्षरात. वांग तर तीनशे वर्षांपूर्वी वारलेला. मग त्याच्या जुन्या पत्रांमधून एकेक अक्षर निवडून काढलं, जे सापडलं नाही ते दोन अक्षरांचे तुकडे जोडून केलं, वीसेक वर्षं लागली म्हणतात. ६७२ मध्ये शिळा उभी राहिली, शीआनच्या शिलालेखांच्या संग्रहालयात आहे. शेवटी प्रज्ञापारमिता हृदयसूत्र कोरलंय, म्हणजे "गते गते पारगते" हा संस्कृत मंत्र चिनी उच्चारात, आणि अक्षर अशा माणसाचं ज्याने हे भाषांतर कधी ऐकणं शक्यच नव्हतं. शिंगशूला हात घालायचा तर मी सगळ्यांना इथूनच सुरुवात करायला लावते, कारण इथे अक्षरं सुटी आहेत आणि शिळेवर कागद दाबून घेतलेले ठसे स्वच्छ मिळतात.

बाकीची नावं भराभर. नियमबद्ध अक्षर शिकायचं तर ओयांग शुनचा ६३२ चा शिलालेख, सुई-दोऱ्यासारखा नेमका, मला कोरडा वाटतो पण पाया त्यानेच पक्का होतो. गिचमिड अक्षरात भिक्षू ह्वायसूचं ७७७ मधलं आत्मवृत्त, शेवटी शेवटी तर हात नाचतोय. कागदावरचं जुन्यात जुनं नामवंत माणसाचं अक्षर म्हणजे लू जीचं पत्र, वांगच्याही आधीचं, झिजलेल्या ब्रशने लिहिल्यासारखं, बीजिंगला आहे. आणि पैशातच बोलायचं तर ह्वांग थिंगच्येनची एक गुंडाळी २०१० मध्ये लिलावात ४३ कोटी ६८ लाख युआनला गेली.

एक गोष्ट नवीन लोकांना खटकते ती म्हणजे लाल शिक्के. ते बहुतेक लेखकाचे नसतात, नंतरच्या मालकांचे असतात, आणि त्यात चियनलोंग सम्राटासारखा हावरट दुसरा नाही. वांगच्याच नावावरचं २८ अक्षरांचं एक चिमुकलं पत्र आहे, बर्फ पडून ऊन आल्याबद्दलचं, त्याच्याभोवती या बाबाने इतके शिक्के आणि इतके शेरे मारलेत की मूळ पत्र शोधावं लागतं. एसटीच्या सीटवर नाव कोरणारे आणि हा, जात एकच.

प्रत्यक्ष बघायला जाणार असाल तर तैपेईच्या म्युझियमची वेबसाइट आधी बघा, कारण हे कागद सलग ४२ दिवसांपेक्षा जास्त मांडत नाहीत आणि मग निदान तीन वर्षं अंधारात ठेवतात. मला यानचा खर्डा नऊ वर्षांत एकदाच दिसला, गर्दीत, समोर जेमतेम मिनिटभर. आणि हात चालवून बघायचा असेल तर महागडा सेट घेऊ नका, पेटीतले ते नक्षीदार सेट शोभेचे असतात. मध्यम आकाराचा मिश्र केसांचा एक ब्रश, बाटलीतली शाई, आणि शुआन म्हणजे ब्रशने लिहायचा खास चिनी कागद मिळेपर्यंत जुनं वर्तमानपत्र चालतं. ब्रश सरळ उभा धरायचा, मनगट टेकवायचं नाही, आणि पहिला महिना ते चा-ची-चेवालं "झी". दिवसाला वीस. काम झालं की ब्रश गार पाण्याने धुवून टोक जुळवून लटकवायचा, गरम पाण्याने केस निघतात, माझे पहिले दोन तसेच गेले.